डलहौसीच्या घरातले वारस

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव दिलं, ते सर जेम्स फर्ग्युसन लॉर्ड डलहौसीचे जावई. सातारा आणि नागपूर खालसा करणारा, झाशीच्या दामोदररावांचं दत्तकविधान अमान्य करणारा तोच हा डलहौसी. त्याची धाकटी मुलगी ईडिथ हिचं १८५९ साली फर्ग्युसनांशी लग्न झालं. शाळेच्या इतिहासात डलहौसी एका धड्यात येतो आणि टिळक-आगरकरांचं कॉलेज पुढच्या कुठल्या तरी धड्यात. या दोन धड्यांच्या मधे एक मुलगी उभी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं एका वंशावळीतून.

वंशावळी वाचणं हा माझा जुना नाद. घरात कुलवृत्तांताचं जाडजूड पुस्तक होतं. आजोबा दुपारी ते मांडीवर घेऊन बसत आणि कोण कुणाच्या घरी दत्तक गेलं, कुठली शाखा खुंटली, कुठली कोकणात राहिली, हे बोटानं दाखवत. माझं आजोळ साताऱ्याचं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘राज्य खालसा झालं’ हे कालपरवा घडल्यासारखं येई. पुढे ब्रिटिश उमरावांच्या वंशावळी हाती लागल्या, तेव्हा मी आधी डलहौसीचं पान काढलं. ते पान मी अजूनही पुन्हा पुन्हा वाचतो.

या वंशावळींचे मोठमोठे ग्रंथ आहेत. त्यातला बर्क यांचा सर्वांत प्रसिद्ध, तो पहिल्यांदा १८२६ साली निघाला. त्यात किताब ज्याच्याकडे जातो त्या मुलाचा मजकूर ऐसपैस असतो. धाकटे भाऊ थोडक्यात आटोपतात आणि मुलींच्या वाट्याला येते एक ओळ: नाव, लग्नाची तारीख, नवऱ्याचं नाव. जो निपुत्रिक गेला त्याच्यापुढे लॅटिनची आद्याक्षरं टाकून विषय संपवलेला असतो. आपले जुने कुलवृत्तांत याहून फार वेगळे नाहीत. पण एक मोठा फरक आहे. आपल्या पानांवर जागोजागी दत्तक दिसतो, त्यांच्या पानांवर तो दिसत नाही. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच झाला १९२६ साली, आणि डलहौसीच्या स्कॉटलंडमध्ये १९३० साली. आजही दत्तक मुलाला वडिलांचा किताब मिळत नाही. २००४ पासून त्याला नावामागे सौजन्याची उपाधी लावता येते, एवढंच.

किताब म्हणजे राजाची सनद. ती कुणाकुणाकडे जायची, हे सनदेतच लिहिलेलं असतं. बहुतेक सनदांत औरस मुलगा, त्याचा औरस मुलगा, असं खाली जायचं. ती रेघ संपली की किताब राजाकडे परत. मुलीनं वारस व्हावं अशी सनद क्वचित. घर, जमीन, दागिने यांची गोष्ट निराळी. ते मृत्युपत्रानं किंवा आधीच्या करारानं मुलीकडे, भाच्याकडे, कुणाकडेही जाऊ शकतात. म्हणून त्यांच्याकडे कित्येकदा किताब एकीकडे जातो आणि वाडा दुसरीकडे. हे ध्यानात ठेवलं तरच डलहौसीचं पान उलगडतं.

या घराण्याचं आडनाव रॅमझी. डलहौसी हे एडिंबरच्या दक्षिणेला, एस्क नदीकाठी असलेल्या त्यांच्या गढीचं नाव. बाराव्या शतकात डेव्हिड राजाच्या काळात हे घराणं स्कॉटलंडमध्ये दिसू लागतं. पुढची दोनशे वर्षं इंग्लंडशी लढण्यात गेली. त्या काळातला सर अलेक्झांडर रॅमझी हा त्यांचा वीरपुरुष. १३३८ साली इंग्रजांच्या वेढ्यातल्या डनबारच्या किल्ल्यात त्यानं समुद्रावाटे रसद पोचवली, १३४२ साली रॉक्सबरो जिंकला, म्हणून राजानं त्याला टेव्हियटडेलचं अधिकारपद दिलं. ते पद आपलं असं मानणारा विल्यम डग्लस चिडला आणि त्यानं अलेक्झांडरला पकडून हर्मिटेज किल्ल्याच्या तळघरात उपाशी टाकलं. वरच्या कोठाराच्या फटींतून धान्याचे दाणे पडत, त्यांवर तो सतरा दिवस जगला, असं सांगतात. सतरा दिवस खरे असोत वा नसोत, माणूस तिथेच मेला हे खरं. १४०० साली इंग्लंडचा चौथा हेन्री स्वतः डलहौसीला वेढा घालून बसला, पण गढी पडली नाही.

पुढची मोठी घटना १६०० सालची. स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजावर गौरी नावाच्या उमरावाच्या वाड्यात हल्ला झाला तेव्हा जॉन रॅमझी नावाचा हुजऱ्या मधे पडला. राजा वाचला आणि जॉनचं नशीब उघडलं. त्याला एकामागून एक किताब मिळाले. त्यातला लॉर्ड रॅमझी हा किताब त्यानं १६१८ साली राजाच्या संमतीनं भावाच्या नावे केला. डलहौसीच्या उमरावकीचा आरंभ इथून. भावाचा मुलगा १६३३ साली अर्ल, म्हणजे त्याहून वरच्या दर्जाचा उमराव, झाला. उमरावकीचा हा पहिला दगडच मुळी एका भावानं दुसऱ्याच्या पदरात टाकलेला आहे. वंशावळ उभी रेघ म्हणून छापली जाते, पण रॅमझींची रेघ पहिल्यापासून आडवी सरकलेली आहे. राजाची मर्जी असली की सरकत होती.

पुढचे बरेच अर्ल भराभर उलटावेत असे आहेत. थांबावं लागतं ते अठराव्या शतकात, जीन मॉल या बाईपाशी.

मॉल हे उत्तरेकडच्या अँगस परगण्यातलं बडं घराणं, पॅनम्यूरचे अर्ल. १७१५ साली पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या पक्षानं केलेल्या बंडात त्यांनी उडी घेतली आणि किताब, जमीन, सगळं जप्त झालं. त्याच घरातल्या विल्यम मॉलनं पुढे जमीन विकत घेऊन परत मिळवली, पण १७८२ साली तो संतान न ठेवता गेला. त्याची बहीण जीन रॅमझींकडे दिलेली होती, तिचा मुलगा डलहौसीचा आठवा अर्ल. तेव्हा मॉलांची मालमत्ता आली या भाच्याकडे, तीही त्याच्या हयातीपुरती. त्याच्यानंतर ती जायची होती त्याच्या दुसऱ्या मुलाकडे. हा मुलगा जन्मानं विल्यम रॅमझी. त्यानं मॉल हे आडनाव घेतलं, मॉलांचं कुलचिन्ह घेतलं, आणि मॉलांच्या गादीवर बसला.

माझ्या आजोबांनी या ओळीवर बोट ठेवून काय म्हटलं असतं, ते मला ठाऊक आहे. ते म्हणाले असते, हा दत्तक गेला. एका घरातला धाकटा मुलगा दुसऱ्या निपुत्रिक घरात जातो, तिथलं आडनाव लावतो, तिथलं नाव पुढे चालवतो. पूर्वजांना पिंड द्यायचा भाग सोडला तर यात आणि आपल्या दत्तकात मला फरक दिसत नाही. ब्रिटनमधल्या कितीतरी खानदानी घरांत हे घडलेलं आहे. मालमत्ता हवी तर नाव घ्या, अशी अट सरळ मृत्युपत्रात घातलेली असे. दत्तकाचा कायदा नसला तरी दत्तकामागची गरज त्यांनाही होती, आणि तिच्यावर त्यांनी आपला उपाय शोधला होता.

हा विल्यम मॉल म्हणजे आपल्या डलहौसीचा सख्खा काका.

आता आईकडचं. डलहौसीची आई क्रिस्टियन ब्राउन. पूर्व लोदियनमधल्या कोल्स्टन या जुन्या इस्टेटीची ती एकुलती एक वारस. ब्राउनांच्या घरात एक नाशपाती आहे. म्हणजे खरोखरीचं फळ, वाळून दगडासारखं झालेलं, चांदीच्या डबीत जपलेलं. आख्यायिका अशी की तेराव्या शतकात येस्टरचा ह्यूगो गिफर्ड नावाचा सरदार जादूटोण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याची मुलगी कोल्स्टनच्या ब्राउनांकडे दिली. वऱ्हाड चर्चकडे निघालं असता त्यानं वाटेतल्या झाडाची नाशपाती तोडली आणि तीच हुंडा म्हणून दिली. हे फळ जोवर शाबूत तोवर तुमचं घर शाबूत, असं वचन दिलं. चारशे वर्षं सांभाळलेल्या त्या फळाचा १६९० च्या दशकात घरातल्या एका सुनेनं चावा घेतला. लगेच दिवस फिरले, नवरा कर्जात बुडाला, इस्टेट भावाला विकावी लागली, आणि तो भाऊ दोन्ही मुलांसह नदीच्या पुरात बुडाला. राहिली मुलगी. इस्टेट तिच्याकडे गेली आणि तिच्यामुळे ब्राउनांचं नाव टिकलं.

मला या गोष्टीतली जादू महत्त्वाची वाटत नाही. लक्षात राहतं ते हे, की फळ आलं मुलीबरोबर आणि पुरुष बुडाल्यावर घर तरलं तेही मुलीमुळे. क्रिस्टियनकडे इस्टेट आली तीही मुलगी असूनच. तिनं १८०५ साली डलहौसीच्या नवव्या अर्लशी लग्न केलं. नवरा सेनानी, पुढे कॅनडात गव्हर्नर. हॅलिफॅक्सचं डलहौसी विद्यापीठ १८१८ साली त्यानंच स्थापलेलं. नंतर तो हिंदुस्थानात सरसेनापती म्हणून आला. क्रिस्टियन जिथे जाईल तिथली झाडंझुडपं गोळा करी, वाळवी, नोंदी ठेवी. नोव्हा स्कोशियाची, क्वेबेकची, सिमल्याची. वनस्पतिशास्त्रज्ञांत तिला मान होता. शेंगावर्गातल्या एका वनस्पतीच्या प्रजातीला तिच्यावरून डलहौसिया असं नाव दिलेलं आहे. हिंदुस्थानात डलहौसी नावाचं काहीही असलं की आपल्याला मुलगाच आठवतो. त्या झुडपाचं नाव मात्र आईचं आहे.

तिचा मुलगा जेम्स १८१२ साली जन्मला. तिसरा मुलगा. थोरले दोन्ही भाऊ आधीच वारले, तेव्हा वारसा त्याच्याकडे आला, आणि १८३८ साली तो दहावा अर्ल झाला. त्याच्या नावात बापाच्या रॅमझीबरोबर आईचं ब्राउनही आहे. त्यानं लग्न केलं येस्टरच्या ‘हे’ आडनावाच्या घराण्यातल्या सुझनशी. येस्टर म्हणजे त्या नाशपातीवाल्या गिफर्डाचंच ठिकाण. ‘हे’ घराण्याकडे ते आलं गिफर्डांच्या वारस मुलीशी लग्न करून. सुझनचे वडील मार्क्विस ऑफ ट्वीडडेल १८४२ पासून १८४८ पर्यंत मद्रासचे गव्हर्नर होते.

असा हा माणूस. काका नाव बदलून वारस झालेला, आई वारस मुलगी, बायकोचं माहेरही वारस मुलीमुळे मिळालेलं, किताबाचा उगम भावानं भावाला दिलेल्या देणगीत. पुरुषाचा पुरुषाला असा सरळ औरस वारसा त्याच्या घरात कधीच पुरेसा पडला नव्हता. जानेवारी १८४८ मध्ये हा पस्तीस वर्षांचा माणूस गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात उतरला.

५ एप्रिल १८४८ ला साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. औरस मुलगा नव्हता. मरणाच्या काही तास आधी त्यांनी भोसले कुळातल्या व्यंकोजींना विधिवत दत्तक घेतलं. १८१९ च्या तहात कंपनीनं हे राज्य प्रतापसिंह महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचं दिलेलं होतं. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर म्हणाला, दत्तक मान्य करा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क म्हणाले, मान्य करा. डलहौसी म्हणाला, नको. घरच्या खासगी मालमत्तेपुरता दत्तक ठीक. पण राज्य हे आपण दिलेलं, औरस वारस नसेल तर ते आपल्याकडे परत यायला हवं.

हा विचार त्याच्या डोक्यात कुठून आला, हे मला त्याच्या घराण्याच्या पानावरून कळलं असं वाटतं. खासगी मालमत्ता एक आणि सनदेचा किताब दुसरा, ही त्याच्या जगाची वाटणी होती. छत्रपतींचं राज्य त्यानं एखाद्या उमरावाच्या किताबासारखं वाचलं: वरून दिलेलं, अटीवर दिलेलं, औरस रेघ संपली की देणाऱ्याचं. शिवाजी महाराजांच्या गादीला, जी कुठल्याही लंडनच्या सनदेआधी उभी होती, त्यानं किताबाचा कायदा लावला. आणि त्याच कायद्याला त्याच्या घरानं जे जे मार्ग काढले होते, भावाला देणं, आडनाव बदलणं, मुलीकडून जाणं, त्यातला एकही साताऱ्याला खुला ठेवला नाही. त्याला वारशाचं काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याला ते आईच्या आणि काकाच्या घरातून पाठ होतं. माझा त्याच्यावरचा राग या जागी आहे आणि तो वाचनानं कमी झालेला नाही.

कंपनीनं गादीवरून उतरवलेल्या प्रतापसिंह महाराजांसाठी, आणि ते गेल्यावर त्यांच्या दत्तकासाठी, त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं दारोदार फिरत होते. १८४५ साली डलहौसी लंडनमध्येच होता, व्यापार खात्याचा अध्यक्ष म्हणून. त्याच शहरात एक माणूस कर्ज काढून, पत्रकं छापून, सभांमधून साताऱ्याची बाजू समजावून सांगत होता.

ऑगस्ट १८४९ मध्ये, पंजाब जोडल्याबद्दल, डलहौसीला मार्क्विस हा मोठा किताब मिळाला. त्या किताबात त्याच्या गढीच्या नावासोबत पंजाबचंही नाव घातलं होतं. अट नेहमीची: औरस मुलगा आणि त्याची औरस रेघ. डलहौसीला तेव्हा दोन मुली होत्या. थोरली सुझन, बारा वर्षांची. धाकटी ईडिथ, दहा. मुलगा नव्हता.

१८५३ हे साल मला नीट बघावंसं वाटतं. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. रेल्वेचा आराखडा आणि तारायंत्र दोन्ही डलहौसीच्या कामाचे, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ६ मे रोजी, त्याची बायको सुझन वारली. ती आजारी होती, हवापालटासाठी मायदेशी निघाली होती, आणि जहाजावरच गेली. ती बातमी कलकत्त्याला पोचायलाही आठवडे लागले. नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव वारले, मरणाच्या आदल्या दिवशी दत्तक घेऊन. डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता, आणि दत्तकाचा प्रश्न मागे राहिलेल्या राण्यांवर आला. वर्षभराच्या आत, नुकत्याच विधुर झालेल्या या माणसासमोर झाशीच्या लक्ष्मीबाईंचा खलिता होता आणि नागपूरच्या वृद्ध बांकाबाईंच्या विनवण्या होत्या. दोन्ही राज्यं १८५४ मध्ये गेली. नागपूरच्या राजवाड्यातलं जडजवाहीर लिलावात निघालं. बायकोच्या मृत्यूचं त्याला फार लागलं होतं, हे त्याच्या खासगी पत्रांवरून दिसतं. ते दुःख दुसऱ्या विधवेच्या कागदापर्यंत का पोचलं नाही, याचं उत्तर वंशावळीत मिळत नाही.

पुढे थोरली सुझन कलकत्त्याला आली आणि बापाच्या शेवटच्या काळात गव्हर्नमेंट हाउसची यजमानीण झाली. १८५६ च्या मार्चमध्ये दोघं परतले, तेव्हा डलहौसीला धड चालता येत नव्हतं. वर्षभरानं उठाव झाला. १९ डिसेंबर १८६० रोजी, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, तो आपल्या गढीत वारला. मुलगा नव्हता. मार्क्विसचा किताब त्याच्याबरोबर खालसा झाला.

आजोळी ही गोष्ट सांगितली तर लगेच कुणी म्हणेल, तळतळाट लागला. मला तसं म्हणवत नाही. दोन मुली असणं ही शिक्षा नव्हे, आणि शिक्षा म्हणायची तर ती फारच वाटली गेलेली दिसते. १८०३ च्या युद्धाच्या वेळचा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली, त्याचं मार्क्विसपद १८४२ साली त्याच्याबरोबर गेलं. मुलं होती, पण ती लग्नाआधीची म्हणून कायद्यानं वारस नव्हती. पेशवाई बुडवणाऱ्या हेस्टिंग्जचं मार्क्विसपद १८६८ साली चौथ्या मार्क्विसबरोबर संपलं. आणि ज्या कॅनिंगनं १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देऊन डलहौसीचं धोरण मोडीत काढलं, तो स्वतः निःसंतान होता. सनदा दिल्या मार्चमध्ये, जूनमध्ये तो गेला, त्याचं अर्लपदही संपलं. खालसा करणाऱ्याचं गेलं आणि दत्तक मान्य करणाऱ्याचंही गेलं. मुलगा होणं न होणं हे कुणाच्या पुण्यपापावर चालत नाही. म्हणूनच तर दत्तकासारखी व्यवस्था माणसांनी घालून दिली.

डलहौसीच्या मागे झालेली वाटणी पाहण्यासारखी आहे. जुनं अर्लपद १६३३ चं, त्याची रेघ रुंद, म्हणून ते चुलतभावाकडे गेलं. हा चुलतभाऊ म्हणजे त्या नाव बदललेल्या काकाचा मुलगा फॉक्स मॉल, क्रिमियाच्या युद्धाच्या काळातला ब्रिटनचा युद्धमंत्री. बापानं रॅमझीचं मॉल केलं होतं, मुलानं आता मॉलपुढे पुन्हा रॅमझी जोडलं. तोही १८७४ साली निपुत्रिक गेला आणि किताब आणखी एका चुलतभावाकडे सरकला. पुढे अर्लांनी डलहौसीची गढी सोडली आणि मॉलांकडून आलेल्या ब्रीकिनच्या वाड्यात बिऱ्हाड हलवलं. डलहौसीच्या गढीत आधी शाळा निघाली, मग हॉटेल.

कोल्स्टन, आईचं घर, नाशपातीसह, थोरल्या सुझनकडे आलं. तिनं १८६३ साली रॉबर्ट बर्क यांच्याशी लग्न केलं. अंदमानात ज्यांचा खून झाला त्या लॉर्ड मेयोंचे हे धाकटे भाऊ, पुढे मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड कनेमारा. चेन्नईचं कनेमारा ग्रंथालय त्यांच्या नावाचं. सुझननं १८९० साली त्यांच्यापासून घटस्फोट घेतला. गव्हर्नरच्या बायकोनं त्या काळात असा निर्णय घेणं सोपं नव्हतं. तिला मूल नव्हतं.

आणि ईडिथ. नवरा १८६९ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. तिथल्या यॉर्क द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर वसवलेल्या गावाला त्यानं तिचं नाव दिलं, ईडिथबरा. ते गाव आजही आहे. १८७१ साली ती ॲडलेडमध्येच वारली, बत्तिसाव्या वर्षी, दोन मुलगे आणि दोन मुली मागे ठेवून. सर जेम्स १८८० साली मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले ते दुसऱ्या पत्नीसह, आणि ती दुसरी पत्नीही १८८२ साली मुंबईत वारली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २ जानेवारी १८८५ ला कॉलेज सुरू झालं आणि त्याला गव्हर्नरांचं नाव मिळालं. ज्या टिळकांनी आणि आगरकरांनी ते उभं केलं ते संस्थानांच्या प्रश्नावर लिहून तुरुंगात जाऊन आले होते. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’त लिहिलं म्हणून १८८२ साली डोंगरीला १०१ दिवस काढले होते. साताऱ्याचं काय झालं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. फर्ग्युसन डलहौसीचे जावई आहेत हे पुण्यात तेव्हा कुणी बोललं असेल का, हा प्रश्न मला फार दिवस छळतो. सर जेम्स १९०७ साली जमैकातल्या किंग्स्टनच्या भूकंपात गेले.

ईडिथची रेघ बापाच्या पानावर एका ओळीची. फर्ग्युसनांच्या पानावर ती वाढतच जाते. तिचा मुलगा चार्ल्स आणि त्याचा मुलगा बर्नार्ड, दोघंही न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल झाले. बर्नार्ड त्याआधी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात शत्रूच्या मुलखात घुसून लढणाऱ्या चिंडिट तुकडीचा सेनानी होता. तिच्या मुलीचं नाव मावशीवरून सुझन जॉर्जियाना ठेवलं होतं. थोरली सुझन १८९८ साली गेल्यावर कोल्स्टन या भाचीच्या घरात गेलं, मावशीकडून भाचीकडे, आणि पुढे त्या भाचीच्या मुलीकडे. त्या मुलीच्या नावात पुन्हा खापरपणजीचं क्रिस्टियन होतं.

डलहौसीनं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की खासगी कागद मृत्यूनंतर पन्नास वर्षं तरी उघडू नयेत. ती मुदत १९१० साली भरली. त्याच वर्षी एका जुन्या मित्राला हिंदुस्थानातून लिहिलेली त्याची पत्रं छापून आली. संपादक जे. जी. ए. बेअर्ड, म्हणजे ईडिथच्या मुलीचा नवरा. साताऱ्याबद्दल, नागपूरबद्दल, बायको गेल्यावरच्या दिवसांबद्दल तो मोकळेपणानं काय लिहीत होता हे आज आपल्याला वाचता येतं ते त्यामुळे. साताऱ्याला छत्रपतींचं घराणं दत्तकानं पुढे चाललं आणि अजून आहे. डलहौसीचं अर्लपद चुलतभावांच्या शाखेत अजून चालू आहे. त्याचं स्वतःचं रक्त मात्र फक्त ईडिथच्या लेकरांत आहे, ज्यांच्यातल्या कुणालाही त्याचा किताब मिळू शकत नव्हता.